कॅन्सरच्या रुग्णाला समाधान नको, काय घडलं ते विचारा

कॅन्सरच्या रुग्णसेवेत काय कमी पडतंय असं कुणी विचारलं की हल्ली एक उत्तर तयार असतं. ‘आमच्या पाहणीत बहुतेक रुग्ण समाधानी आहेत. ज्याच्यावर उपचार झाले तोच खूश आहे, मग बाहेरच्यांनी तक्रार का करावी?’ बैठकीत हे उत्तर आलं की विषय तिथेच मिटतो, कारण समोर आकडा असतो आणि आकड्यापुढे बोलायला कुणी धजावत नाही. हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि कॅन्सरच्या बाबतीत घातक आहे. सिल्वासात राहून पाड्यांवरच्या रुग्णांचे कागद भरून देताना, त्यांना वापीच्या गाडीत बसवून देताना जे दिसतं, आणि या विषयावर जगभर जो अभ्यास झालाय, त्या दोन्हींच्या आधारावर मी हे म्हणते.

या पाहण्यांच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं. रुग्णालाही काही विचारायचं असतं, हे आपल्या दवाखान्यांना फार उशिरा सुचलं. डॉक्टर सांगतील ते ऐकायचं, नर्स रागावली तर गप्प बसायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. आरोग्यसेवेचे अभ्यासक एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलं की सेवेचा दर्जा पाहायचा तर साधनं, उपचारांची रीत आणि परिणाम या तिन्ही अंगांनी पाहा. पुढे रुग्णाचं समाधान हाही परिणामाचाच एक भाग मानला जाऊ लागला. आपल्याकडे २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘कायाकल्प’ योजना आली, २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू झालं. सरकारी दवाखान्यात जाऊन आलेल्याच्या मोबाइलवर संदेश किंवा फोन येतो, समाधानी आहात का असं विचारतात, नसाल तर कारण विचारतात: कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा. एवढं विचारल्यानेही फरक पडतो. तापाचा, हात मोडल्याचा, बाळंतपणाचा रुग्ण या प्रश्नांत बऱ्यापैकी मावतो.

कॅन्सरचा मावत नाही. त्याचा आजार म्हणजे एक भेट नसते. गालात न भरणारी जखम दिसते तिथून तुकडा काढणं, रिपोर्ट, स्कॅन, ऑपरेशन, शेक (रेडिएशन), केमो आणि मग वर्षानुवर्षांच्या फेऱ्या, असा तो प्रवास असतो, आणि तो एका इमारतीत होत नाही. आमच्याकडे तर एका राज्यातही होत नाही. दादरा नगर हवेली हा गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या मधोमध अडकलेला छोटासा मुलूख, २०२० पासून दमण-दीवशी जोडलेला. सिल्वासात विनोबा भाव्यांच्या नावाचं सिव्हिल हॉस्पिटल आहे. वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्याचं २०२३ च्या एप्रिलमध्ये लोकार्पण झालं. तलासरी, जव्हारकडचे लोकही इकडे येतात. तरी कॅन्सर निघाला की बरेच जण शेवटी वापीला गाडी पकडतात: कुणी सुरतेला, कुणी अहमदाबादला, कुणी परळच्या टाटा मेमोरियलला. सिल्वासाहून वापी अठराएक किलोमीटर, पण दुधनीकडच्या, मधुबन धरणाच्या पाण्यापलीकडच्या पाड्यावरून निघालेल्याला सिल्वासा गाठणं हाच अर्ध्या दिवसाचा खेळ. या साऱ्या प्रवासात फॉर्म भरून घेणारी रुग्णालयं दोन-तीन असतील. प्रत्येकाचा फॉर्म आपल्या दारापुरता. दोन दारांच्या मधलं जे आहे, ते कुणाच्याच फॉर्मवर नाही.

हा फॉर्म भरला कसा जातो, ते जवळून पाहिलंय. दुधनीच्या बाजूची एक बाई, गालाचा कॅन्सर, एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशन झालेलं. नाकातून नळी, अर्धा चेहरा पट्टीत, बोलणं बंद. घरी सोडायच्या दिवशी बिलाच्या खिडकीशी तिच्या मुलाच्या हातात कागदांची चळत आली. चारपाच ठिकाणी सह्या करायच्या होत्या, त्यातच हा फॉर्म होता, हिंदीत आणि इंग्रजीत, ओळीने हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे काढलेले. मुलगा आठवीपर्यंत शिकलेला, घरात बोली वारली. खिडकीतल्या माणसाने पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, ‘इथे खूण कर’. त्याने केली. आई दहा पावलांवर बाकावर बसली होती, तिला कुणी विचारलं नाही. मुलाला एकच घाई होती, वापीची गाडी चुकू नये.

तिसऱ्या दिवशी त्या नळीत पेज अडकली. नळीतून घालायची ती पेज किती पातळ हवी, आधी आणि नंतर पाणी का सोडायचं, नळी बाहेर आली तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तोंड उघडत नाही आणि नळी बंद, म्हणजे बाई उपाशी. खानवेलच्या दवाखान्यात नेईपर्यंत दीड दिवस तिच्या पोटात काही गेलं नाही. त्या रुग्णालयाच्या वर्षाच्या हिशोबात ती ‘अतिशय समाधानी’ या रकान्यात मोजली गेली असणार. तिथले सर्जन वाईट होते असं मी म्हणत नाही. हात कसबी होता, टाके सुरेख भरून आले. पण ज्या गोष्टीने तिचा जीव धोक्यात आला ती विचारायला त्या फॉर्मवर जागाच नव्हती, आणि जो आकडा तयार झाला त्याने ती गोष्ट झाकली गेली.

यावर लगेच उत्तर येतं की फॉर्म नीट भरून घ्या, स्थानिक भाषेत घ्या, मग आकडा खरा येईल. भाषेचा मुद्दा मोठाच आहे. २०११ च्या जनगणनेत इथली निम्म्याहून जास्त लोकसंख्या आदिवासी होती, वारली, कोकणा, धोडिया, काथोडी; आणि स्त्रियांमधली साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास. पण भाषा बदलून खोट जात नाही, कारण खोट प्रश्नातच आहे. ब्रिटनमध्ये ब्रायन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली. लोकांशी निवांत बोललं तर ते वाईट अनुभव सांगतात, पण त्याच लोकांना गुण द्यायला सांगितले तर चांगले देतात. का? मधे दोन विचार येतात. हे करणं त्यांचं कामच होतं का? आणि नाही केलं, तर त्यात त्यांचा दोष होता का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर ‘नाही’ आलं की माणूस ‘समाधानी’ म्हणून मोकळा होतो. आमच्या पाड्यावर हे रोज ऐकू येतं. एवढी गर्दी, डॉक्टर तरी काय करणार? नळीचं शिकवायला त्यांना वेळ कुठे? आपल्यासारख्याला आत घेतलं हेच खूप.

शेवटच्या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. ज्याने आयुष्यभर सरकारी कचेरीच्या पायरीवर ताटकळत दिवस काढले, त्याला पंख्याखाली खाट मिळाली, कुणी हाडतूड केली नाही, तर तो समाधानी असणारच. त्याच्या समाधानाचा उंबरठा आपण, या व्यवस्थेने, इतका खाली आणून ठेवलाय की त्यावरून कुठलंही रुग्णालय पार होतं. त्यात भीती असते. याच डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात परत यायचंय, नाव खराब झालं तर? आणि त्यात खरी कृतज्ञता असते, जीव वाचवणाऱ्याबद्दलची. ती कृतज्ञता पवित्र आहे, पण ती मोजून रुग्णालयाच्या खात्यावर जमा करणं हा तिचा गैरवापर आहे.

शिवाय फॉर्म भरतो कोण? जो पोचला, टिकला आणि जिवंत घरी निघाला तो. जो मधेच गळाला त्याचं मत कुठेही नाही. रिपोर्ट आणायला परत आलाच नाही, मुंबईला जायचं म्हटल्यावर भगताकडे वळला, दोन केमो घेऊन थांबला कारण शेत लावायचं होतं, असे लोक असमाधानीही नसतात आणि समाधानीही. कागदावर ते नसतातच. आमळी, मसाट, पिपरियाच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले हजारो कामगार आहेत. त्यातल्या कुणाच्या तोंडात गाठ निघाली तर तो पहिल्यांदा गावाकडे निघतो, कारण खोलीचं भाडं आणि आजारपण एकत्र चालत नाही. गावी पोचून त्याने उपचार घेतले का, हे इथे कुणालाच कळत नाही. शंभरातले चाळीस वाटेत गळले आणि उरलेल्या साठांपैकी पंचावन्नांनी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली, तर समाधान नव्वद टक्क्यांच्या वर जातं. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण हिशोब असाच चालतो. जितके जास्त गरीब गळतील तितका आकडा चांगला दिसेल.

उशीर ही तर त्याहून मोठी गोष्ट. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुन्या ३४ अभ्यासांचा, साडेबारा लाखांहून जास्त रुग्णांचा एकत्र आढावा आला. ऑपरेशनला दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्के वाढतो. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये शेक सुरू व्हायला तेवढा उशीर झाला तर ९ टक्के. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे पुरुषांमध्ये अग्रभागी असलेल्या कॅन्सरांपैकी एक. त्याचा शेक म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, सहा ते सात आठवडे. तेवढे दिवस परळात राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर भाग्य, नाना पालकर स्मृती समितीत मिळाली तर भाग्य, नाहीतर फुटपाथ. जागा मिळेना म्हणून कुणी पंधरा दिवस उशिरा सुरू करतो, कुणी विसाव्या दिवशी गावी परततो. शेक देणाऱ्या यंत्राजवळचा माणूस नम्र असतो, खोली थंड असते, फॉर्मवर उत्तम गुण पडतात. पंधरा दिवस वाया गेले ते रुग्णाला माहीतच नसतं, कारण उशीर जीव घेतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. न कळलेल्या नुकसानाबद्दल कुणी असमाधानी कसं होणार?

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. जेन वीक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ११९३ रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्यांचा फुप्फुसाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर शरीरात पसरलेला, केमो घेतलेले. अशा केमोने आयुष्य काही महिने वाढतं, त्रास कमी होतो, पण आजार बरा होत नाही. फुप्फुसाच्या रुग्णांपैकी ६९ टक्के आणि आतड्याच्या रुग्णांपैकी ८१ टक्के जणांना हे उमगलंच नव्हतं. आणि ज्यांनी ‘डॉक्टर माझ्याशी फार छान बोलतात’ म्हणून भरभरून गुण दिले होते, त्यांच्यात हा गैरसमज जास्त होता.

हा निष्कर्ष आपल्या घरांत नेऊन पाहा. मराठी घरात, गुजराती घरात, वारली घरात, कॅन्सरचं नाव रुग्णापुढे घ्यायचं नाही हा अलिखित नियम आहे. ‘तिला सांगू नका, ती खचेल.’ मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन हात जोडतो, डॉक्टर मान हलवतात, आणि बाईला ‘गाठ होती, काढली’ एवढंच सांगितलं जातं. ती समाधानी असते. घरचे समाधानी असतात. जो डॉक्टर शांतपणे बसून खरं सांगेल, पुढचे सहा महिने कसे असतील, जमिनीचे कागद कुणाच्या नावावर करायचे ते आता पाहून घ्या असं म्हणेल, त्याच्या वाट्याला त्या दिवशी रडणं येईल आणि फॉर्मवर कमी गुण येतील. गुणांवर बढती किंवा बक्षीस ठरवलंत, तर तुम्ही डॉक्टरांना खरं न बोलण्याचे पैसे देत आहात. अमेरिकेत हे वेगळ्या वाटेने घडून गेलंय. रुग्णांच्या गुणांशी रुग्णालयांचे पैसे जोडले, त्यात वेदना किती कमी केल्या हाही प्रश्न होता. अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनाची साथ पसरल्यावर या प्रश्नामुळे डॉक्टरांवर गोळ्या लिहून देण्याचा दबाव येतो अशी टीका झाली, आणि वेदनेचे ते प्रश्न पैशांच्या हिशोबातून काढून टाकावे लागले.

त्याच देशातल्या ५० हजारांहून जास्त प्रौढांचा जोशुआ फेंटन यांचा २०१२ चा अभ्यास सांगतो की डॉक्टरांवर सगळ्यात जास्त खूश असलेल्यांचा औषधांवरचा खर्च जास्त होता, आणि पुढच्या वर्षांत त्यांचं मरणाचं प्रमाण सगळ्यात कमी खूश असलेल्यांपेक्षा २६ टक्के जास्त निघालं. समाधानाने माणूस मरतो असा अर्थ त्यातून कुणी काढू नये, तसं तो अभ्यास सिद्ध करत नाही. पण ‘खूश म्हणजे नीट उपचार’ हे समीकरण मात्र त्यानंतर कुणाला मांडता येणार नाही.

मग रुग्णाला विचारणंच बंद करायचं का? काही डॉक्टरांना हे ऐकून बरं वाटेल. त्यांचं म्हणणं असतं की अडाणी रुग्णाला उपचारांतलं काय कळतं, त्याचं मत घेऊन काय करायचं. हे मला पहिल्या युक्तिवादापेक्षाही जास्त खटकतं. पाड्यावरच्या बाईला ‘बायोप्सी’ हा शब्द येत नसेल, पण जखम भाताच्या लावणीला दिसली आणि तुकडा कापणी झाल्यावर काढला, हे ती बिनचूक सांगते. लावणी ते कापणी म्हणजे तीन-चार महिने. एवढा उशीर तिच्या एका वाक्यात पकडता येतो आणि कुठल्याही चेहऱ्यांच्या फॉर्मवर येत नाही. तिला गुण द्यायला सांगू नका. काय घडलं ते विचारा.

असं विचारल्याने आयुष्य वाढतं, याचा पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ईथन बाश यांनी पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांना संगणकावर त्रास नोंदवायला सांगितलं: दुखतंय का, मळमळ किती, धाप लागते का, जेवण जातं का. त्रास वाढल्याची नोंद झाली की नर्सला सूचना जायची. बाकीच्यांची नेहमीसारखी तपासणी. २०१७ मध्ये निकाल छापून आला. ज्यांना विचारलं जात होतं ते मध्यकानुसार ३१.२ महिने जगले, बाकीचे २६ महिने. एखादं महागडं नवं औषध एवढं आयुष्य देऊ शकलं तर त्याची जाहिरात होईल. इथे औषध नव्हतं, प्रश्न होते आणि उत्तर ऐकून कामाला लागणारी नर्स होती. इंग्लंडमध्ये २०१० पासून कॅन्सर रुग्णांच्या अनुभवांची देशव्यापी पाहणी होते, तिच्यातही घडलेल्या गोष्टी विचारतात: निदान सांगताना घरचं माणूस सोबत आणू शकता असं सांगितलं होतं का, शंका आली तर कुणाला गाठायचं ते माणूस नेमून दिलं होतं का.

आमच्याकडे संगणक नको, आशा कार्यकर्ती पुरे. प्रश्न त्या रुग्णालयाच्या खिडकीत न विचारता महिन्याभराने घरी विचारावेत, त्याच बोलीत, ज्याच्या हातात उपचार नाहीत अशा माणसाने. काल रात्री दुखण्याने जाग आली का? दुखण्याची गोळी आहे का, संपली तर कुठे मिळते? २०१४ मध्ये मादक पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळवण्याची वाट बरीच सोपी झाली, तरी रात्रभर कण्हणारा रुग्ण ‘एवढं तर दुखणारच’ म्हणतो आणि फॉर्मवर समाधानी राहतो. नळी कशी सांभाळायची हे कुणी हाताने करून दाखवलं का? पुढची तारीख माहीत आहे का? जायला पैसे आहेत का?

एक आक्षेप मात्र मी मनापासून ऐकते. वॉर्डात काम करणाऱ्या नर्सेस म्हणतात, अशा प्रश्नांनी आमच्यावर बोट येईल. माझं म्हणणं उलट आहे. आज बोट त्यांच्यावरच येतं. समाधानाच्या फॉर्ममध्ये ‘कर्मचाऱ्यांची वागणूक’ हा रकाना असतो, ‘कर्मचारी किती होते’ हा नसतो. चाळीस खाटांमागे रात्री दोन नर्स असतील आणि एक चिडून बोलली, तर नोंद तिच्या चिडण्याची होते. काय घडलं ते विचारलं तर उत्तर येईल की रात्री हाक मारली, तासाभराने आल्या. मग कुणीतरी विचारेल की का, आणि ते उत्तर नर्सपाशी न थांबता मंजूर पदांच्या फाईलपर्यंत जाईल. फाईल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना समाधानाचा आकडा सोयीचा वाटतो, त्याचं कारण हेच.

सिल्वासाच्या प्रशासनाकडे आणि शेजारच्या वलसाड, पालघर जिल्ह्यांच्या आरोग्य खात्यांकडे माझी मागणी आहे. दर वर्षी समाधानाच्या टक्क्यांच्या जागी या गोष्टी जाहीर करा: तुकडा काढल्यापासून पहिला उपचार मिळेपर्यंत किती दिवस गेले, उपचार सुरू करून किती जण परत आले नाहीत आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आलं, घरी असलेल्या रुग्णांपैकी किती जणांना रात्री दुखण्याविना झोप लागली. रुग्ण हद्द ओलांडून गेला म्हणून त्याची मोजणी थांबता कामा नये, कारण आजार हद्द पाहत नाही.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कॅन्सरचा रुग्ण असेल आणि घरी सोडायच्या दिवशी तो फॉर्म हातात आला, तर खाली ‘इतर सूचना’ म्हणून दोन ओळींची जागा असते. खूण कुठेही करा, पण त्या दोन ओळींत तारखा लिहा: त्रास कधी सुरू झाला, तुकडा कधी काढला, रिपोर्ट कधी मिळाला, उपचार कधी सुरू झाले. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि एक प्रत सिव्हिल सर्जनच्या नावाने टपालात टाका.